सेंट बार्नबसची पूर्व

१७ सप्टेंबर २००६, रविवार
स्टेट कॉलेज

काम मिळालं. बिनपगारी, पण काम. म्हणून परत लिहायला घेतलं. मागच्या वर्षी बेलव्ह्यूला असताना सुरू केलं होतं ते आठ पानांत आटपलं, आणि त्यातली तीन पानं तिथल्या कॅफेतल्या कपांबद्दल होती.

झालं असं की आज मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्र्यंबककाका भेटले. बाबांचे जुने मित्र. बाबा इथे शिकत होते तेव्हा दोघं एका खोलीत राहायचे. बाबा परत गेले, काका राहिले, तीस वर्षं खाणकाम शिकवून आता रिटायर झाले. माझा जन्म याच स्टेट कॉलेज गावातला, त्यामुळे अमेरिकन पासपोर्ट आहे आणि अक्कल नाही, असं आई म्हणते.

"तू आर्किटेक्चर केलंस ना गं?" काका म्हणाले.

"दोन वर्षं, काका. नागपूरला. मग सोडलं."

"दोन वर्षांत मापं घ्यायला शिकवतात की नाही?"

"शिकवतात."

"मग झालं."

त्यांच्या कमिटीला देवळासाठी जागा हवी आहे. इथून पंचवीस मिनिटांवर लिंडन फर्नेस नावाचं गाव आहे, एकेकाळी लोखंडाच्या भट्ट्यांचं. तिथलं सेंट बार्नबस चर्च बंद पडतंय. नऊ म्हातारी माणसं उरलीत. बिशपचं ऑफिस वर्षअखेर ते विकणार. दुसरं गिऱ्हाईक आहे, पण त्याला इमारत पाडून पार्किंग करायचंय. चर्चच्या माणसांना वाटतं, कुणीतरी इमारत ठेवणाऱ्याने घ्यावी. म्हणजे आपण. देणगीदारांना दाखवायला नकाशा हवा. तो मी काढायचा.

सुमित्राकाकूने विचारलं, "थडगी आहेत का तिथे?"

"वर टेकडीवर आहेत. मैलभर लांब," काका म्हणाले.

"मग हरकत नाही."

पाच मिनिटांनी वांग्याची भाजी वाढताना तिने परत विचारलं, "थडगी आहेत का तिथे?" काकांनी तसंच शांतपणे उत्तर दिलं. ती मुद्दाम त्यांना छळत असावी. जुनी जोडपी असं करतात.

१९ सप्टेंबर

पाहून आले. हात अजून थंड आहेत.

बाहेरून काही खास नाही. तांबूस दगड, उतरतं पाटीच्या दगडाचं छप्पर, त्यात करड्या पाट्यांमध्ये लाल पाट्यांची नक्षी. मनोरा नाही, नुसती एक घंटा टांगायची चौकट. कोनशिलेवर १८७४. पण आत गेलं की वर बघावंच लागतं. उलट्या घातलेल्या होडीच्या पोटात उभं असल्यासारखं. छप्पर पेलणाऱ्या काळपट लाकडाच्या कैच्या, तिकोनी चौकटी, एकीमागून एक. मधे लांब सभामंडप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांमागे अरुंद गाळे. पुढे तीन पायऱ्या चढून गाभाऱ्यासारखी जागा, तिथे वेदी, आणि वेदीमागे भिंतभर टोकदार खिडकी. खांबांवर टिचकी मारली तर टण्ण वाजले. ओतीव लोखंड, वर दगडी रंग. गावातल्याच भट्टीतलं असणार. मला असली लबाडी फार आवडते.

किल्ली हेझलकडे असते. ऐंशीच्या पुढची बाई, रविवारची टोपी घालून मंगळवारी आली होती.

काकू पोर्चमध्ये थांबली आणि वाकून बूट काढायला लागली.

"इथे नाही काढत, सुमित्रा," काका म्हणाले.

"देऊळ आहे ना?"

काकांनी तिच्या पायांकडे बघितलं. मग त्यांनीही काढले. मग मीही. हेझल आमच्या मोज्यांकडे बघत जरा वेळ उभी राहिली, स्वतःचे काढावेत की काय अशा विचारात.

परत येताना काका म्हणाले, "एप्रिलपर्यंत प्रतिष्ठा झाली पाहिजे. त्यापुढे उपयोग नाही."

मी म्हटलं, "पण मुदत तर डिसेंबर आहे ना?"

"ती मुदत वेगळी," म्हणाले.

२८ सप्टेंबर

तीन दिवस मापं घेतेय. टेपचं दुसरं टोक हेझल धरते आणि गोष्टी सांगते, त्यामुळे टेप ढिली पडते आणि मला परत मोजावं लागतं. मला चालतं. तिच्या नवऱ्याचा आवाज इतका मोठा होता की ऑर्गन वाजवणारी बाई त्याला मागच्या बाकावर पाठवायची.

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुन्या इंग्लिश गावचर्चांवर एक जाडजूड पुस्तक मिळालं. वीणाच्या कार्डावर आणलं. (वीणा म्हणजे माझी रूममेट, पॉलिमरमध्ये पीएचडी, स्वयंपाकात नापास.) त्या काळी लोकांना चर्च कसं असावं याचं अगदी वेड होतं म्हणे. कमान टोकदारच हवी, वेदी तीन पायऱ्या वर हवी. आणि वेदी पूर्वेला. माणसांनी पूर्वेकडे तोंड करून बसायचं. हे सगळं आपल्या चर्चला लागू पडतं. कमानी, पायऱ्या, सगळं. नकाशात उत्तरेचा बाण घालून टाकला. वेदी पूर्वेला म्हणजे डावीकडचा गाळा उत्तर, उजवीकडचा दक्षिण, मुख्य दार पश्चिम. बाण सुबक आला आहे. शेपटाला पिसं काढली.

एक गंमत. कॉलेजात शिकवलं होतं की उत्तरेचा उजेड मऊ असतो, थेट ऊन येत नाही. इथे सकाळी आठ वाजता उत्तरेच्या गाळ्यात नुसतं भसाभस ऊन. लाल-निळे तुकडे पार बाकांवर. दोन वर्षं काय शिकवलं देव जाणे.

६ ऑक्टोबर

आज काकांना माझा खराच उपयोग झाला.

देवाचं तोंड पूर्वेला हवं. लक्ष्मीनारायण येणार आहेत, संगमरवरी, जयपूरहून. वेदीच्या जागी बसवले तर त्यांचं तोंड पश्चिमेला होतं. काका कपाळ धरून बसले होते. मी म्हटलं, "काका, चर्च उलटं वापरायचं. देव मुख्य दाराच्या जागी. दार बंद करायचं. तिथून ते सरळ पूर्वेला बघतील, पार वेदीपर्यंत. आणि आपण वेदीकडून आत यायचं, खिडकीखाली भिंतीत नवं दार पाडून."

काका बराच वेळ नकाशा बघत होते. मग मला म्हणाले, "शाब्बास गं बाई." कुणी मला शेवटचं शाब्बास कधी म्हटलं होतं ते आठवायला लागले आणि बसस्टॉप निघून गेला.

घरी वीणाला सांगितलं. काकू मला आज दोनदा लता म्हणाली हेही सांगितलं. लता म्हणजे तिची बहीण, नाशिकला असते. वीणाने भांडं खाली ठेवलं.

"ज्ञानदा, तू रोज जातेस ना त्यांच्याकडे? तुला दिसत नाही? काकूंना विसरायला होतंय. काकांचं सगळं डिपार्टमेंट जाणतं. काका काय उगाच घाई करतायत का? देऊळ बघून काकूंना देऊळ कळेल तोवर काकांना ते हवंय."

मी म्हटलं, मला वाटलं ती गंमत करते.

"हो," वीणा म्हणाली. "तुला सगळीच गंमत वाटते."

१४ ऑक्टोबर

दाराचं हेझलला मला सांगावं लागलं. काकांना इंग्लिश चांगलं येतं, पण ते खोकत बसले.

ती वेदीपुढच्या बाकावर बसली. म्हणाली, तू म्हणतेस तिथे माझ्या नवऱ्याची, हॅरल्डची शवपेटी ठेवली होती. तिथून लोक पायांनी येणार. मी म्हटलं, हो. तिने बराच वेळ हातमोजे सारखे केले. मग म्हणाली, कुणीच न येण्यापेक्षा बरं, आणि बाकीच्या आठ जणांना मी समजावते.

घरी आल्यावर जेवले नाही. का ते माहीत नाही, सगळं तर मनासारखं झालं.

५ नोव्हेंबर

आठ दिवस काही केलं नाही. नकाशात छपराच्या कैच्या काढायला बसले आणि एका कैचीच्या टोकाला कोरलेलं घुबड सापडलं. मग बाकीच्या टोकांवर काय आहे ते बघत शिडीवर दोन दिवस गेले. खार, घुबड, दाढीवाला माणूस (ठेकेदार असावा, चेहऱ्यावर तसा भाव आहे).

आज काका-काकू आले होते. दुपारी बाराच्या सुमाराला वेदीच्या खिडकीतून ऊन सरळ आत येतं आणि मधल्या फरशांवर लांब पडतं. काकू त्या उन्हात मांडी घालून बसली, फरशीवरच. पुस्तकात लिहिलंय की हे सकाळी व्हायला पाहिजे. इथे सूर्यसुद्धा आळशी. वीणाला म्हटलं तर ती म्हणाली, हिवाळ्यासाठी घड्याळ तासभर मागं केलं ना परवा, त्याचं असेल. ते पटलं.

काकूला आज माझं नाव आलं नाही. काकांचंही बहुधा नाही, ती त्यांना "अहो, ऐका" म्हणते, पण ते आधीपासूनच म्हणत असेल. आत आल्यावर मात्र तिने पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले, आणि सगळं अथर्वशीर्ष म्हटलं, कुठेही न अडखळता. काका खांबामागे उभे होते. पुढे आले नाहीत.

९ डिसेंबर, शनिवार

पुरुषोत्तमकाका आले. वेस्ट विंडसरला असतात, इथलेच जुने विद्यार्थी, कमिटीचे सगळ्यात मोठे देणगीदार. आल्याआल्या पार्किंग किती, तेल किती जळेल, छप्पर कोण बघणार असं विचारत होते. हायवेजवळ एक वेअरहाउस रिकामं आहे, तेही एकदा बघा, असं सहज म्हणाले. काका म्हणाले, आधी हे तर बघ.

त्यांची नवी गाडी मुख्य दारासमोर नाक करून उभी होती. निघताना मी मागे बसले. पुरुषोत्तमकाकांनी इंजिन सुरू केलं आणि थांबले.

"त्र्यंबकराव, तुमची ती वेदी कुठल्या दिशेला म्हणालात?"

"पूर्वेला."

"ही गाडी दक्षिण म्हणते."

मधल्या आरशाच्या कोपऱ्यात होकायंत्र होतं, त्यात हिरवं एस दिसत होतं. काका म्हणाले, बिघडला असेल. पुरुषोत्तमकाकांनी गाडी हळूच वळवून रस्त्याला लावली. ई आलं. परत चर्चकडे नाक केलं. एस. असं तीनदा. पोर्चमधून हेझल हात हलवत होती, तिला वाटलं आम्ही निरोप घेतोय.

मग काकांनी मागे वळून मला विचारलं, अगदी हळू, "तू बघितलं होतंस ना?"

मी म्हटलं, "पुस्तकात होतं."

१० डिसेंबर

चर्चच्याच तळघरात मीटिंग झाली. चहा, चकल्या.

आता कळतंय ते असं. गाव ओढा आणि रेल्वे यांच्यामधल्या अरुंद पट्टीत. चर्च पूर्वेला बसेना, म्हणून बांधणाऱ्यांनी ते जागेत बसेल तसं फिरवलं आणि वेदीला आपली पूर्वच मानलं. त्यांच्या देवाला चाललं. म्हणजे वेदी दक्षिणेला. माझ्या नकाशाप्रमाणे लक्ष्मीनारायण दक्षिणेला तोंड करून बसणार, आणि लोक दक्षिणेच्या दारातून आत येणार. एकाच नकाशात दोन्ही अशुभ गोष्टी. सकाळचं ऊन, दुपारचं ऊन, सगळं मला रोज सांगत होतं आणि मी ते मजेचं म्हणून लिहून ठेवत होते.

"आडवं बसवू," काका म्हणाले. "पश्चिमेच्या गाळ्यात, पूर्वेला तोंड."

"समोर दोन रांगा लोखंडी खांब," कमिटीतल्या शोभामावशी म्हणाल्या. "देव दिसणार कुणाला? खांबालाच."

मी म्हटलं, "मारुती दक्षिणमुखी चालतो. मारुतीचं केलं तर?"

कुणी हसलं नाही. मी विनोद केला नव्हता.

"देवाला सगळ्या दिशा सारख्या," काका म्हणाले. हे म्हणताना त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही.

पुरुषोत्तमकाका मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या-आमच्यापुरतं ठीक आहे हो. पण दोनशे फॅमिलीज आहेत. उद्या कुणाच्या घरी काही झालं, की पहिलं बोट इथे." मग त्यांनी बॅगेतून वेअरहाउसचे फोटो काढले. रंगीत प्रिंट, प्रत्येकासाठी एक एक. ते कालपासूनच बॅगेत होते का, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तिथे नव्हतं सुचलं. तिथे मला एवढंच दिसत होतं की बाण मी काढला होता, पिसांसकट.

वेअरहाउससाठी हात वर झाले. काकांचा नाही.

मला कुणी काही बोललं नाही. शोभामावशींनी चकल्या बांधून दिल्या.

१२ डिसेंबर

हेझलला फोन काकांनी केला. मी करते म्हटलं, नको म्हणाले.

संध्याकाळी तिनेच मला केला. रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. आम्ही कधी होकायंत्र लावून बघितलंच नाही, डिअर, ती म्हणाली. नुसतं फिरवता नाही का येणार? मूर्ती? मी समजावत गेले आणि समजावता समजावता मलाच ते पटेना. शेवटी ती म्हणाली, असू दे, तुला रडायला येतंय.

७ जानेवारी २००७

दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकलं. नवीन वर्षाच्या आधीच सह्या झाल्या.

दहा दिवस काकांकडे गेले नाही. आज गेले. काकांनी दार उघडलं, चहा केला, साखर विसरले. काकूने मला बसायला सांगितलं, मोठ्या अगत्याने, अनोळखी माणसाला सांगतात तसं.

"काका, मी परत बघते," मी म्हटलं. "तिसरी जागा."

"पेन्सिल वेअरहाउसला आण," ते म्हणाले. "त्याचाही नकाशा लागेल."

१८ फेब्रुवारी

वेअरहाउसचा नकाशा एका दुपारी झाला. चार भिंती, पत्रा, काँक्रीट. दिशा होकायंत्राने बघितली, मग सूर्याने, मग परत होकायंत्राने. बरोबर पूर्व. सगळ्यांनी कौतुक केलं. पुरुषोत्तमकाकांनी ईमेलमध्ये माझं नाव लिहिलं. बेलव्ह्यूची मैत्रीण हिमानी म्हणते, तिच्याकडे परत ये, सोफा आहे. येईन म्हटलं. कधी ते नाही सांगितलं.

२४ मार्च

आज चर्च पाडायला घेतलं. जायचं नव्हतं, गेले.

आधी काढण्यासारखं काढून नेलं होतं. बाकं कुठल्याशा रेस्टॉरंटला, रंगीत काचा ओहायोला. उरलेल्याला एक यंत्र बाजूने ढकलत होतं. मला वाटलं होतं छप्पर आधी पडेल. पडलं नाही. भिंत गेल्यावरही कैच्या थोडा वेळ तशाच उभ्या होत्या, नुसत्या लोखंडी खांबांवर, आणि त्यांतून पलीकडची टेकडी दिसत होती. यंत्रवाला खाली उतरून सिगरेट ओढत बघत राहिला. मग परत चढला.

हेझल नव्हती. तिला मुलीने ॲरिझोनाला नेलं, असं पोस्ट ऑफिसातली बाई म्हणाली. घर विकायला काढलंय. मला तिने पत्ता दिला नव्हता. मी मागितला नव्हता.

६ मे, रविवार

प्रतिष्ठा झाली. एप्रिल हुकला, थोडक्यात.

दोनशे फॅमिलीज खरंच आल्या. पार्किंगला जागा मिळाली सगळ्यांना. पत्र्याखाली ट्यूबलाइट, नवीन निळं कार्पेट, त्याचा वास. लक्ष्मीनारायण सुरेख आहेत. सकाळी गुरुजींनी पूर्वेचं शटर वर केलं तेव्हा ऊन बरोबर मूर्तींच्या पायांशी आलं आणि लोकांनी माझ्याकडे बघितलं. काही जण टाळ्यासुद्धा वाजवणार होते.

काकू पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, हिरव्या साडीत. आजूबाजूला बघत होती, ट्यूबलाइटकडे, लोकांकडे. आरती सुरू झाल्यावर सगळे उभे राहिले, ती बसून राहिली. हातात कुणीतरी फुलं दिली ती तिने मांडीवर ठेवली. मला वाटलं अथर्वशीर्ष आलं की म्हणेल. गुरुजींनी म्हटलं. तिने नाही म्हटलं. ते संपल्यावर ती काकांच्या बाहीला धरून म्हणाली, "अहो, ऐका. इथलं काम आटपलं की देवळात जाऊ या का? उशीर होतोय."

काकांच्या हातात तबक होतं. लोक रांगेने येऊन त्यांच्या पाया पडत होते, काका तुम्ही करून दाखवलंत, म्हणत होते.

"जाऊ," ते म्हणाले. तबक माझ्याकडे दिलं. परत घेतलं, खाली ठेवलं. "चल, आत्ताच जाऊ."

जेवणाच्या पंगती बसत होत्या. आम्ही तिघं गाडीत बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण काकूने माझा हात सोडला नव्हता. काका हायवेला लागले, मग लिंडन फर्नेसच्या फाट्याशी गाडी हळू केली, आणि वळले नाहीत. पुढे गेले. दुसऱ्या घाटाने चढले, उतरले, शेतांमधून गेले, मग तिसऱ्या घाटाने. काकू खिडकीतून बघत होती. दर थोड्या वेळाने विचारत होती, आलं का. काका म्हणत होते, येईल.

तासाभराने तिला झोप लागली. काका अजून थोडं अंतर तसेच गेले. मग एका शेताच्या फाटकाशी गाडी वळवली आणि आम्ही घरी आलो.